‘लॉग रिझर्व्हेशन ओव्हररन’ आला तर काय करावं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसातून भर पावसात सकाळी फोन आला. "सर, सर्व्हर चालू हाय, पण एकबी फाइल उघडंना झालीय. रात्री लाईट गेलती, त्यानंच झालंय बघा." साच्यांची ड्रॉइंग्ज, बिलं, हजेरी असं सगळं एकाच लिनक्स मशीनवर, एक्सएफएस फाइलसिस्टिममध्ये होतं. (फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था.) बेळगाव-खानापूर पट्ट्यात सर्व्हर बसला की पहिला संशय लाईटवर जातो. या खेपेला मात्र कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांत वेगळीच ओळ होती, ‘ट्रान्झॅक्शन लॉग रिझर्व्हेशन ओव्हररन’, आणि तिच्याखाली फाइलसिस्टिम बंद केल्याची नोंद.

ही ओळ दिसली की माणसं लॉग मोठा करायला धावतात, नाहीतर दुरुस्तीच्या घाईत लॉगच पुसून टाकतात. पहिल्याने काही साधत नाही. दुसऱ्याने डेटाही जातो आणि पुरावाही.

आधी दुखणं समजून घ्या

रविवार पेठेतल्या अडत दुकानात व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत चढतो, खतावणी मागाहून होते. मध्येच काम थांबलं तरी रोजकीर्द बघून खतावणी पुरी करता येते. जर्नलिंग फाइलसिस्टिमचा लॉग म्हणजे ही रोजकीर्दच. लाईट जाण्यासाठीच तर ती ठेवलेली असते, म्हणून नुसत्या लाईट जाण्याने ओव्हररन होत नाही.

फरक एवढाच की या रोजकीर्दीची पानं ठरलेली असतात. शेवटचं पान भरलं की पुन्हा पहिल्यापासून लिहायचं, पण जुनी नोंद खतावणीत उतरलेली असेल तरच तिच्यावर. त्यामुळे फाइल बनवणं, नाव बदलणं असं कोणतंही काम (ट्रान्झॅक्शन) सुरू होण्याआधी कर्नल त्याच्यासाठी लॉगमध्ये जागा राखून ठेवतो. अगदी वाईटात वाईट परिस्थितीत जेवढी लागेल तेवढी. हे रिझर्व्हेशन, आणि त्याची पावती म्हणजे तिकीट.

लॉग भरला, तर कामं रांगेत थांबतात आणि मशीन अडकल्यासारखं वाटतं. ओव्हररनमध्ये लॉगमध्ये भरपूर जागा असू शकते. एका कामाने मागितली त्यापेक्षा जास्त जागा वापरली, इतकंच. म्हणजे कोडमधला अंदाज चुकला, किंवा डिस्कवरची रचनाच बिघडून अंदाजाबाहेर गेली. एकाने हक्काबाहेर जागा घेतली तर बाकीच्यांना दिलेला शब्द खोटा पडतो, म्हणून कर्नल सगळी फाइलसिस्टिमच बंद करतो. डिस्कवर किती जागा शिल्लक आहे याचा इथे काहीच संबंध नाही.

मशीन बंद करू नका

हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ कमांडचा सगळा मजकूर पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर उतरवा. सिस्टिमचे लॉग याच फाइलसिस्टिमवर असतील तर ती बंद पडल्यावर त्यांत काहीही लिहिलं गेलेलं नसतं, संदेश फक्त मेमरीत असतात. बटण दाबून रीस्टार्ट केलंत की ते गेले. ऑफिसातल्या माणसाला फोनवर पहिलं वाक्य हेच सांगावं: "कशालाच हात लावू नका, मी येतोय." शेवटच्या काही क्षणांत सेव्ह केलेल्या फाइली गेल्या असण्याची शक्यताही त्याला लगेच सांगून टाकावी.

तिकीट वाचा

संदेशात ‘युनिट रेस’ म्हणजे राखलेली जागा आणि ‘करंट रेस’ म्हणजे उरलेली. ओव्हररनमध्ये दुसरा आकडा उणे असतो, आणि किती उणे यावरून बरंच कळतं. एक्सएफएस ब्लॉकमधला बदल १२८ बाइटच्या तुकड्यांत लॉग करतं आणि सलग तुकड्यांच्या प्रत्येक गटामागे १२ बाइटचं हेडर लागतं. म्हणून माझा ठोकताळा असा: उणे आकडा शे-दोनशे बाइटचा असेल तर हेडरांच्या बेरजेत चूक शोधावी. ४,०९६ च्या (नेहमीच्या ब्लॉकच्या आकाराच्या) आसपास किंवा त्याच्या पटीत असेल तर आख्खा ब्लॉक, बहुधा बी-ट्रीच्या, म्हणजे ब्लॉकांच्या झाडासारख्या सूचीच्या, फाटण्यातला, हिशेबात धरायचा राहिला असावा. हा ठोकताळाच आहे, पण शोध कुठून सुरू करावा हे त्यावरून ठरतं.

त्याखाली त्या ट्रान्झॅक्शनमधल्या वस्तूंची यादी येते. प्रकार षोडशमान आकड्यात असतो: १२३बी म्हणजे आयनोड (एका फाइलीची माहिती ठेवणारी नोंद), १२३सी म्हणजे बफर (मेमरीत आणलेला ब्लॉक), १२३डी म्हणजे डिस्क कोटा. बफरांची रांगच लागलेली असेल तर नेमकं काय चाललं होतं ते ‘कॉल ट्रेस’मध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत, बघा. फाउंड्रीच्या मशीनवर तिथे एक्सटेंडेड अॅट्रिब्यूट, म्हणजे फाइलीला जोडलेली जादा माहिती, लिहिणारं फंक्शन होतं. विंडोजच्या परवानग्या सांबा (लिनक्सवरच्या फाइली विंडोज मशीनना देणारं सॉफ्टवेअर) अशाच ठिकाणी ठेवू शकतो, आणि रात्री एक स्क्रिप्ट हजारो फाइलींच्या परवानग्या बदलत होती. लाईट गेली होती हे खरं, पण सर्व्हर काही बंद पडला नव्हता, आणि हे त्याआधीच घडून गेलं होतं.

नक्कल घ्या, मगच दुरुस्ती

फाइलसिस्टिम अनमाउंट करा (सिस्टिमपासून सोडवा) आणि पुन्हा माउंट करण्याआधी (जोडण्याआधी) ‘एक्सएफएस मेटाडंप’ने तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. यात फाइलींचा मजकूर येत नाही, फक्त रचना येते, आणि नावंही बदलून टाकली जातात. पण लॉगमधल्या नोंदी खतावणीत उतरायच्या बाकी असताना नक्कल घेतली तर लॉगमधली खरी नावं तशीच राहतात. दुसऱ्याच्या धंद्याची माहिती आहे, बाहेर पाठवण्याआधी मालकाला विचारा.

मग एकदा साधं माउंट करा. लॉगमधल्या पूर्ण नोंदी आपोआप खतावणीत चढतात. पुन्हा अनमाउंट करून ‘एक्सएफएस रिपेअर’ आधी ‘एन’ पर्यायाने, म्हणजे काहीही न बदलता, चालवा. बिघाड दिसला तर ओव्हररनचं मूळ तिथेच असू शकतं. मोठा ‘एल’ पर्याय लॉग फेकून देतो. माउंट काही केल्या होत नसेल तेव्हाच, आणि आख्ख्या डिस्कची प्रत हातात असेल तरच तो वापरावा.

कारण पक्कं करा

फाइलसिस्टिमची मापं दाखवणाऱ्या ‘एक्सएफएस इन्फो’चा मजकूर, कर्नलची आवृत्ती आणि वरचे संदेश एकत्र ठेवा. डिरेक्टरी ब्लॉकचा आकार, लॉगचं स्ट्राइप युनिट (लॉग किती बाइटच्या पटीत लिहिला जातो), रीफ्लिंक (दोन फाइलींत सामायिक ब्लॉक) आणि आरमॅप (कोणता ब्लॉक कुणाचा याची उलट सूची) चालू आहेत का, हे मुद्दाम बघा. या सगळ्यांमुळे रिझर्व्हेशनचं गणित बदलतं.

नक्कल ‘एक्सएफएस एमडीरिस्टोर’ने चाचणीच्या मशीनवर एका फाइलीत उतरवा, लूप माउंट करा (म्हणजे ती फाइल डिस्कसारखी जोडा) आणि तेच काम पुन्हा चालवा. ‘ट्रेस-सीएमडी’ने लॉग रिझर्व्हचे ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या नोंद घेण्याच्या जागा) चालू ठेवलेत तर तिकिटात किती जागा उरली ते दिसत राहतं. बिघाड पुन्हा घडला, तर त्याच नकलेवर नवा कर्नल लावून बघा.

लॉग मोठा करण्याचा मोह इथे पुन्हा होईल. एक्सएफएसमध्ये बनलेल्या लॉगचा आकार वाढवायची सोयच नाही, आणि वाढवता आला असता तरी चुकलेला अंदाज चुकलेलाच राहिला असता. कोडमध्ये उपाय दोनच: रिझर्व्हेशनचं गणित दुरुस्त करणं, किंवा एका मोठ्या कामाचे छोटे ट्रान्झॅक्शन करून प्रत्येकाला नवी जागा देणं. आपल्यासारख्यांच्या हातात असतं ते कर्नल अपडेट करणं, आणि तरीही बिघाड राहिला तर डिस्ट्रिब्यूशनकडे, म्हणजे तुमचं लिनक्स पुरवणाऱ्यांकडे, सगळ्या पुराव्यानिशी तक्रार नोंदवणं.

एक्सएफएसऐवजी ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम असेल तर तिथे रिझर्व्हेशनला ‘क्रेडिट्स’ म्हणतात आणि संदेश तिचा लॉग सांभाळणाऱ्या जेबीडी२ च्या नावाने येतात. पुरावा आधी, दुरुस्ती नंतर हा क्रम तिथेही तोच.

फाउंड्रीत नवा कर्नल आधी नकलेवर चालवला. परवानग्यांची तीच स्क्रिप्ट अडखळल्याशिवाय पार झाली, तेव्हाच खऱ्या सर्व्हरला हात लावला. स्क्रिप्टची वेळही रात्रीऐवजी दुपारची ठेवली, समोर माणूस असताना.