दोन एअरलाइनच्या ऑफर हातात आहेत? या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या घरांतून मला हल्ली वरचेवर फोन येतात. पोराचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालेलं असतं, त्यासाठी शेताच्या उताऱ्यावर कर्जाचा बोजा चढलेला असतो, आणि दोन कंपन्यांची पत्रं समोर असतात. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पगार कुठं जास्त हाय?"

पत्रातला मोठा आकडा बऱ्याचदा भरपूर तास उडाल्यावरचा असतो. उड्डाणं कमी झाली तरी किती तासांचे पैसे हमखास मिळतील आणि ट्रेनिंगच्या महिन्यांत हातात काय पडेल, हे आधी विचारा. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता त्या महिन्यांतही भरायचाच असतो.

पगारापेक्षा मी तासांकडे आधी बघतो. एटीपीएलसाठी (सीपीएलच्या वरचं, एअरलाइन पायलटचं लायसन्स) 1500 तास लागतात, त्याशिवाय कॅप्टन होता येत नाही; कंपनीच्या अटी त्यावर आणखी वेगळ्या. तुमच्याकडे 200 तास आहेत असं धरा. महिन्याला 50 तास मिळाले तर उरलेल्या 1300 तासांना 26 महिने लागतात, 75 मिळाले तर सतराहून थोडे जास्त. म्हणून त्याच कंपनीतल्या ज्युनियर को-पायलटला गेल्या सहा महिन्यांचे तास विचारा. एचआरचं उत्तर पुरेसं धरू नका.

माझी स्वतःची चूक सांगतो. ऑफर लेटर आलं म्हणजे नोकरी लागली असं मी धरलं आणि दुसऱ्या कंपनीला लगेच नकार कळवला. पहिलीने जॉइनिंग पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. तोवर दुसरीकडची बॅच भरली होती. घरात कुंदा वाटून झाला होता आणि मी आठ महिने बिनकामाचा बसलो. सीनियॉरिटी रुजू झाल्यापासून धरली जाते. कमांड (कॅप्टनपद), बेस (नेमणुकीचं शहर), सुट्ट्या सगळं तिच्यावर ठरतं. ट्रेनिंगची तारीख लेखी मिळेपर्यंत दुसरं दार बंद करू नका. मुदत वाढवून हवी असेल तर ईमेलवर मागा, त्यात संकोच कसला?

बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, वकिलाला दाखवा. रक्कम वर्षागणिक कमी होते का, कंपनीच बंद पडली तर काय, बँक गॅरंटी कधी सुटते, हे तपासून घ्या. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. शिवाय डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नियमाने को-पायलटला 6 महिन्यांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे "नाही पटलं तर सोडू" इतकं ते सोपं नाही.

टाइप रेटिंग, म्हणजे विमान उडवायची परवानगी, एका जातीच्या विमानापुरतं असतं. ए320 भारतात भरपूर आहेत, एम्ब्रेअर मोजक्यांकडे. एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानाला मात्र कमी लेखू नका. छोट्या धावपट्ट्या आणि पावसाळी हवा यांत हात चांगला तयार होतो.

आणि सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, विमान उतरतं म्हणून बेस बेळगावचा धरू नका. 2025 पासून पायलटची आठवड्याची सलग विश्रांती 48 तासांची झाली, ती दोन रात्री धरून. बेंगळुरू बेस असेल आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसने येण्या-जाण्यात दोन्ही रात्री गेल्या, तर आईच्या हातचं जेवण मिळेल, झोप मिळणार नाही. तसं थकून कॉकपिटमध्ये बसायचं नाही. पहिलं वर्षभर खोली बेसच्या गावातच घ्या आणि तिचं भाडं पगारातून वजा करूनच दोन्ही ऑफरचे आकडे शेजारी मांडा.