'बेर्दे' म्हणजे हिरवा, एवढ्यावर थांबू नका

देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची बी-१ पातळी पास झाले आणि पुण्यातल्या एका कंपनीत स्पॅनिश क्लायंटच्या कॉलवर बसायला लागले. तिसऱ्याच आठवड्यात माद्रिदच्या बाई आमच्या अहवालाबद्दल म्हणाल्या, 'एल इन्फोर्मे एस्ता तोदाबिआ मुई बेर्दे.' अहवाल अजून खूप हिरवा आहे. आमच्याकडे प्रत्येक कामापुढे लाल, पिवळा, हिरवा रंग लावायची पद्धत. मी मॅनेजरना सांगितलं, हिरवा आहे, पाठवू या. अहवाल तसाच पुढे गेला. बाई खरं तर म्हणत होत्या की तो फारच कच्चा आहे. टीमनं दोन रात्री जागून काढल्या, मला तीन महिने कॉलवरून उठवलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

बेर्दे लिहिताना व्ही, ऐकताना ब, स्त्रीलिंगीही तेच रूप, हे तुम्हाला येतंच. घात होतो तो क्रियापदाशी. सेर (रूप 'एस') आणि एस्तार (रूप 'एस्ता'), दोन्ही आपण एका 'आहे'वर भागवतो. 'ला मान्साना एस बेर्दे' म्हणजे सफरचंद रंगानं हिरवं. 'ला मान्साना एस्ता बेर्दे' म्हणजे ते पिकलेलं नाही. मग डोळ्यांना रंग कुठलाही दिसो! 'ला मांचा दे ला मोरा कोन ओत्रा बेर्दे से कीता' अशी म्हण आहे: तुतीचा डाग दुसऱ्या कच्च्या तुतीनं जातो, म्हणजे एका प्रेमाची जखम दुसरं प्रेम भरून काढतं. आता कच्ची तुती आठवून बघा. लाल असते, तरी ती बेर्देच. कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षं आपल्याकडे आंबट, तिकडे बेर्देस.

पण म्हणून 'एस्तार आला की कच्चा' असंही घोकू नका. पोहण्याच्या तलावाचं पाणी शेवाळानं 'एस्ता बेर्दे' झालं तर तो रंगच. मी एक कसोटी लावते: त्याच जागी 'मादुरो', म्हणजे पिकलेला, ठेवून बघायचा. फळ, योजना, अहवाल, शिकाऊ माणूस यांना मादुरो शोभतो, तिथे बेर्दे म्हणजे कच्चा. पाण्याला शोभत नाही.

आणि 'एन', म्हणजे 'मध्ये', ऐका, कृपा करून ऐका. कामाची स्थिती हिरवी असेल तर 'एस्ता एन बेर्दे' म्हणतात. मंजुरी द्यायची तर 'दार लुस बेर्दे', हिरवा दिवा देणं. माझ्या वाक्यात ना एन होतं, ना लुस. उलट 'तोदाबिआ' होतं, 'अजून'. तेवढ्यावरच मी थबकायला हवं होतं.

एका शब्दाला एकच अर्थ देणारी कार्डांची ॲप्स मी फोनवरून काढून टाकली, तुम्हीही काढा. 'हळूहळू कळेल' म्हणणाऱ्या मार्गदर्शकांचा मला राग येतो. कळेपर्यंत नोकरी जाते. रेआल अकादेमिआ एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा शब्दकोश नेटवर फुकट आहे, त्यात विशेषणाचे सगळे क्रमांकित अर्थ शेवटपर्यंत वाचा. वेळ जातो, जाऊ द्या.

घाबरू मात्र नका. इंग्रजीला मध्ये दलाल न करता थेट मराठीत आलात तर पुष्कळ सोपं जातं. 'बिएखो बेर्दे' म्हणजे आपला हिरवट म्हातारा, अगदी तोच! 'चिस्ते बेर्दे' चावट विनोद, 'लेन्या बेर्दे' ओली लाकडं. 'पोनेर बेर्दे' म्हणजे एखाद्याची खरडपट्टी काढणं, हे तेवढं पाठ करावं लागतं.

तीन महिन्यांनी परत कॉलवर बसवलं तेव्हा मी बाईंना आधीच सांगून टाकलं, 'तोदाबिआ एस्तोय ऊन पोको बेर्दे.' अजून थोडी कच्ची आहे. त्या 'त्रांकीला', म्हणजे काळजी करू नकोस, म्हणाल्या आणि त्या दिवसापासून माझ्याशी सावकाश बोलायला लागल्या.