आयएलआरची फाइल: नियम ठरायच्या आधी जमवायच्या गोष्टी

आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, मागायची असेल तर आधी एक्सेलची एक शीट उघडा. कागद, फी, परीक्षा सगळं नंतर. शीटमध्ये चार रकाने हवेत: ब्रिटनमधून निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, मधले पूर्ण दिवस आणि कारण. व्हिसा सुरू झाला त्या दिवसापासूनची प्रत्येक फेरी तिच्यात लिहा. गणपतीला घेतलेले दहा दिवससुद्धा आणि ऑफिसने ॲमस्टरडॅमला पाठवलं ते दोन दिवससुद्धा. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवसच मोजतात. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावरच्या माणसाने आयएलआर मागितलं की होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, पाहतं की कुठल्याही बारा महिन्यांत हा १८० दिवसांहून जास्त बाहेर होता का. त्यातल्या 'कुठल्याही' शब्दाखाली रेघ मारा. हा हिशोब जानेवारी ते डिसेंबर असा नसतो. कुठलीही तारीख घ्या, तिच्या मागचे बारा महिने मोजा, आणि हे प्रत्येक तारखेला जमलं पाहिजे. मी पहिल्यांदा हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून करायला बसले तेव्हा अर्धे शिक्के वाचताच येईनात. म्हणून मेलमध्ये 'बोर्डिंग पास' शोधा, आणि जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट काही केल्या माळ्यावर टाकू नका.

हा १८० दिवसांचा नियम डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारावर आलेल्या, जोडीदारालाही लागू आहे आणि आपल्या घरांमध्ये फटका बसतो तो इथेच. सातव्या महिन्यात माहेरी जायचं, बाळ दोन-अडीच महिन्यांचं झालं की परत यायचं, असा साधा बेत असतो. मग बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा, 'बारसं तरी इथेच करू', आणि पाहता पाहता दोनशे दिवस होतात. नियमात दिलेल्या अपवादांमध्ये बाळंतपण नाही. नवऱ्याची आयएलआरसाठी लागणारी पाच वर्षं पुरी होतात, तिची मोजणी मात्र पुन्हा शून्यापासून सुरू होते. आणि मुलाला साधारणपणे आयएलआर मिळतं ते दोन्ही पालकांकडे ते असेल किंवा दोघांना एकाच वेळी मिळत असेल तरच. म्हणजे मूलही आईबरोबर थांबणार. माहेरी जाऊ नका असं कोण सांगेल? तिकीट काढताना परतीची तारीख मात्र शीटवर पाहून ठरवा.

आईवडिलांच्या जिवावरच्या दुखण्यासाठी जास्त राहावं लागलं तर ते कारण म्हणून मांडता येतं, पण ते कागदावर दिसायला हवं. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं तारखेसह पत्र आणि वेळ आलीच तर मृत्यूचा दाखला, हे सगळं तिथून निघतानाच घ्या. इंग्रजीत नसलेल्या कागदाला भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचा निर्वाळा, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. त्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, म्हणून आत्ता लिहून ठेवते आहे.

आता ज्याच्यामुळे सगळ्यांची झोप उडाली आहे ते. १२ मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी आयएलआर हा विचार मांडला. २० नोव्हेंबरला गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्याचा तपशील दिला. दहा वर्षं हा पाया धरायचा. तीन वर्षं सलग ५०,२७० पौंडांवर करपात्र मिळकत असेल तर पाच वर्षं कमी, १,२५,१४० वर असेल तर सात वर्षं कमी. सरकारी मदत घेतली असेल तर वर्षं वाढणार. पदवीच्या दर्जाखालच्या नोकऱ्यांसाठी, ज्यात केअरची कामं आली, पंधरा वर्षं. आणि हे इथे आधीपासून राहणाऱ्या पण आयएलआर न मिळालेल्या लोकांनाही लावायचं. यावरच्या हरकती-सूचना १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत मागवल्या होत्या. माझं स्पष्ट मत, नव्याने येणाऱ्यांसाठी नियम बदलणं हा त्यांचा अधिकार आहे, पण पाच वर्षांच्या बोलीवर आलेल्यांना चौथ्या वर्षी दहा सांगणं म्हणजे पंगतीला बसवून पानं उचलणं.

हे आधीही झालं आहे. एप्रिल २००६ मध्ये आयएलआरसाठी लागणाऱ्या चार वर्षांची पाच केली आणि ती हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्राम या तेव्हाच्या व्हिसा योजनेवर आधीच आलेल्यांनाही लावली. त्या लोकांनी एचएसएमपी फोरम नावाची संस्था काढून कोर्टात दाद मागितली आणि २००८ आणि २००९ असे दोन निकाल आपल्या बाजूने मिळवले. ज्या अटींवर बोलावलं त्या पाळायला हव्यात, असा त्या निकालांचा एकूण सूर होता. यावरून आताही तसंच होईल असं मानून निवांत बसू नका. मात्र त्या वेळी आपण कधी आलो, कुठल्या नियमाखाली आलो हे प्रत्येकाला दाखवावं लागलं. म्हणून तुमचं पहिलं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी कंपनीने दिलेलं), व्हिसा मंजुरीचं पत्र आणि तेव्हाचं ऑफर लेटर यांची पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

नियम खरोखर बदलतो तेव्हा 'स्टेटमेंट ऑफ चेंजेस' नावाचा कागद संसदेपुढे ठेवतात. मंत्र्यांचं भाषण, वर्तमानपत्राचा मथळा, फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड यापैकी काहीही नियम नव्हे. तो कागद आला की आतला संक्रमणाचा परिच्छेद शोधा: कुठल्या तारखेच्या आधी केलेल्या अर्जांना जुना नियम लागणार, एवढं एक वाक्य तुमच्या कामाचं असतं. 'आता वीस वर्षं लागणार' हा मेसेज आमच्या ग्रुपवर तीनदा फिरला. तो आकडा शरणार्थींसाठीच्या प्रस्तावातला आहे. १७ नोव्हेंबर २०२५ च्या त्या आराखड्यात आश्रय मिळालेल्यांना पाचऐवजी अडीच वर्षांचीच परवानगी आणि कायम राहण्यासाठी वीस वर्षं, असं मांडलं होतं. त्यांच्यासाठी तो भयंकरच आहे, पण नोकरीच्या व्हिसाशी त्याचा संबंध नाही. तसेच स्विंडनमधले आपले गोंयकार पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, त्यांचं खातं ईयू सेटलमेंट स्कीमचं, युरोपीय नागरिकांसाठीच्या वेगळ्या योजनेचं. त्यांना विचारून आपली फाइल लावू नका, आणि त्यांनीही आपल्याला विचारू नये.

घरात जी व्यक्ती डिपेंडंट आहे, बहुधा बायको, तिच्या नावाचे कागद तयार करायला आजच लागा. आपल्याकडे वीज, पाणी, इंटरनेट, घरभाडं सगळं नवऱ्याच्या नावावर असतं आणि एकत्र राहतो हे दाखवायची वेळ आली की बायकोच्या नावाचं एक दुकानाचं कार्ड निघतं. काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलावर दोघांची नावं घाला. एक जॉइंट खातं उघडा. जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, पत्रं फेकू नका. आणखी एक गोष्ट: २० नोव्हेंबरच्या आराखड्यात प्रत्येकाने तीन ते पाच वर्षं १२,५७० पौंडांवर कमाई दाखवावी असंही आहे. घरी राहून मुलं सांभाळणाऱ्या बाईने हे कुठून आणायचं, याचं उत्तर मला त्यात धड सापडलं नाही. पण नोकरी, अर्धवेळ का होईना, करायचा विचार असेल तर लांबवू नका, आणि डबे किंवा शिकवण्या घेत असाल तर ती कमाई टॅक्स रिटर्नमध्ये दाखवा. रोखीतले पैसे होम ऑफिसला दिसत नाहीत. दर वर्षीचा पी-६० (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि एचएमआरसीच्या, म्हणजे करखात्याच्या, ऑनलाइन खात्यातली नोंद दोघांचीही उतरवून ठेवा.

परीक्षा दोन. 'लाइफ इन द यूके' म्हणजे पन्नास पौंड, २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. हेन्री आठव्याच्या सहा बायका पाठ करा आणि आजच देऊन टाका, ती शिळी होत नाही. इंग्रजीचं मात्र नीट पाहा. आयएलआरला बी-१ (मध्यम) पातळी लागत आली आहे आणि ती तिच्या वरच्या बी-२ वर न्यायचं सरकारने मांडलं आहे. आयेल्ट्सची 'लाइफ स्किल्स' ही छोटी परीक्षा बी-१ च्या पुढे नेत नाही. त्याऐवजी पूर्ण आयेल्ट्स फॉर यूकेव्हीआय (व्हिसासाठी चालणारी आयेल्ट्स) द्या आणि चारही भागांत साडेपाच मिळवा, ते बी-२ धरतात. आपल्या विद्यापीठाची पदवी इंग्रजीतून असेल तर एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र चालतं. मुख्य अर्जदाराने व्हिसाच्या वेळी ही पातळी दाखवली असेल तर बहुधा पुन्हा लागत नाही.

नावांचं प्रकरण खास आपलं. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, पे-स्लिपवर फक्त पहिलं, बँकेत आद्याक्षर, डिग्रीवर माहेरचं आडनाव. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर कधी कधी बाळाचं नावच नसतं, नोंद करताना ते ठरलेलं नसतं ना! सुट्टीत गावी जाल तेव्हा हे दुरुस्त करून आणा आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या दोन प्रती घ्या.

ई-व्हिसा. २०२४ च्या अखेरीस प्लॅस्टिकची बीआरपी, म्हणजे निवास परवान्याची, कार्डं संपली आणि सगळं ऑनलाइन खात्यावर गेलं. त्या खात्यात कुठला ईमेल आणि कुठला फोन आहे ते आज रात्रीच पाहा. माझ्या खात्याला भारतातलं सिम जोडलेलं होतं, ते मी रिचार्ज केलं नाही, नंबर गेला आणि कोड त्या गेलेल्या नंबरवर येत राहिला. ते सोडवण्यात माझा पाऊण महिना गेला. एजंटने स्वतःचा ईमेल घातला असेल तर तोही बदला. पासपोर्ट नवा झाला की खात्यात नवा नंबर घाला, नाहीतर मुंबईच्या चेक-इन काउंटरवर वाद घालत उभं राहाल.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात. आपल्या व्हिसांवर ती घ्यायला बंदी असते. मुलाची शाळा आणि एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, या बंदीत येत नाहीत. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा भत्ता, येतं. काउन्सिल टॅक्स रिडक्शनही येतं, मात्र एकटं राहण्याची २५ टक्के सूट येत नाही. कुणी 'अगं, सगळेच घेतात' म्हटलं तरी चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म भरू नका.

पैशांची दोन पाकिटं करा. आयएलआरची फी ९ एप्रिल २०२५ ला माणशी ३,०२९ पौंड झाली, म्हणजे चौघांचे त्या दराने १२,११६. फी वाढत जाते, तेवढी जागा ठेवा. दुसरं पाकीट पाच वर्षं आणखी काढायची झाली तर. हेल्थ सरचार्ज (व्हिसाबरोबर एनएचएससाठी भरायचे पैसे) मोठ्यांना वर्षाला १,०३५ आणि मुलांना ७७६, म्हणजे दोन मोठी आणि दोन मुलं मिळून पाच वर्षांचे १८,११० पौंड, व्हिसाची फी वेगळी. नाशिकचा फ्लॅट बुक करायच्या आधी हा आकडा नवराबायकोने एकत्र बसून पाहावा.

नोकरी सुटली तर नवी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, तेव्हा सीव्ही ताजा ठेवा. सल्ला घ्यायचाच असेल तर सॉलिसिटरकडून किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेल्या माणसाकडून घ्या. नोंदणीशिवाय असा सल्ला देणं या देशात गुन्हा आहे, मग मंडळातले काका कितीही अनुभवी असोत. मी वर लिहिलंय तेही यादी म्हणून वापरा, तुमच्या केसचा निर्णय म्हणून नको.

आणि कॅलेंडरवर एक तारीख लावा. आयएलआरसाठी लागणारी वर्षं पुरी होण्याच्या २८ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. त्या सकाळी नियमांचं सरकारी पान पुन्हा एकदा वाचून मगच फी भरा. अर्ज केल्यापासून निर्णय येईपर्यंत देश सोडलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात, आणि फी पुन्हा भरावी लागते. म्हणून त्या महिन्यात भावाचं लग्न ठरत असेल तर त्याला आत्ताच सांगून ठेवा, मुहूर्त पुढचा बघ.