कॉलेजच्या पोरांची कॉमेडी फिल्म करताय? कंटिन्युइटीच्या या चुका टाळा

“एडिटमध्ये पाहून घेऊ.” नागपुरात दर सुट्टीत कुठले ना कुठले पोट्टे कॅमेरा भाड्याने आणून फिल्म करतात, आणि त्यांच्या सेटवर हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकू येतं. कंटिन्युइटी म्हणजे एकाच सीनच्या वेगवेगळ्या शॉटमध्ये सगळं जुळणं. दोन शॉट जुळत नसतील तर एडिटरकडे दोनच वाटा उरतात: चूक दिसू द्यायची, नाहीतर शॉट टाकून द्यायचा. कॉमेडीत टाकून द्यावा लागतो तो बहुतेक वेळा रिअॅक्शनचा शॉट. आणि लोक हसतात ते त्या रिअॅक्शनवरच.

तर्री-पोह्यांचा सीन

नागपूरची गोष्ट म्हटली की टपरीवर चार मित्र आणि तर्री-पोहे आलेच. खाण्याचा सीन कुठलाही असो, तो जुळवणं अवघड. त्यात तर्री-पोहे सगळ्यांत बेभरवशाचे. तर्री ओतली की पाच-सात मिनिटांत पोहे रस्सा पितात, फुगतात, लाल तवंग प्लेटच्या कडेला सरकतो, चणे तळाशी जातात आणि कांदा मऊ पडतो. म्हणजे कुणी एक घासही खाल्ला नाही तरी प्लेट बदललेली असते.

एका ग्रुपने असा सीन सकाळी आठला मास्टर शॉटने, म्हणजे सगळा सीन लांबून एकत्र घेणाऱ्या शॉटने, सुरू केला. चौघेही उपाशीपोटी आलेले. दुसऱ्या टेकमध्ये सगळ्यांनी दणकून खाल्लं, टेक ओके झाला. सीनमधला विनोद असा, की एकाने “नापास” म्हणताच समोरच्याला घास तोंडात असताना ठसका लागतो. क्लोजअप लावेपर्यंत साडेअकरा वाजले. तोवर त्या पोराचं पोट भरलेलं, तो नुसता चमचा फिरवत होता. क्लोजअपमध्ये प्लेट काठोकाठ भरलेली, पोहे कोरडे, चमचा डाव्या हातात आणि तोंड रिकामं. ठसका लागला, पण कशाचा? एडिटरला तो क्षण मास्टरवरच ठेवावा लागला. लांबून चार पाठी दिसतात आणि कुणीतरी खोकतं. स्क्रीनिंगला एकही हसला नाही, आणि लिहिणाऱ्याला वाटलं आपला संवादच कमजोर आहे. संवाद चांगलाच होता.

यावर उपाय म्हणजे आधी हिशोब मांडा. मास्टरचे ४ टेक आणि चौघांचे क्लोजअप प्रत्येकी ३, असे १६ टेक. मास्टरला दर टेकला ४ प्लेटा, म्हणजे १६. क्लोजअपमध्ये एकच प्लेट फ्रेममध्ये येते, म्हणून तिथे १२. झाल्या २८. मास्टरचा एखादा टेक जास्त लागतोच, तेव्हा ३५ प्लेटांचे पोहे सांगा. पोहे डब्यात कोरडे, तर्री मोठ्या थर्मासमध्ये, चिरलेला कांदा वेगळा. सगळे जागेवर बसले, फोकस झाला, की मगच तर्री ओता, आणि दर वेळी त्याच मापाची एक पळी. ज्याच्या घासावर विनोद आहे त्यानेच खावं. बाकीच्यांनी चमचा प्लेटीत ठेवून बोलावं. घास कुठल्या शब्दावर घ्यायचा ते संवादाच्या कागदावर त्या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. घास लहान, आणि फ्रेमबाहेर थुंकायला बादली. हे ऐकून नवे लोक नाक मुरडतात, पण दहाव्या टेकला तीच बादली सगळे शोधतात.

मोबाईलवर फोटो काढला म्हणजे कंटिन्युइटी झाली, हा आणखी एक भ्रम. फोटो टेकच्या आधी काढतात, सगळे नीट बसलेले असताना. जुळवायचं असतं ते टेक संपतानाचं चित्र. “कट” म्हटल्यावर कुणी हलायच्या आत फोटो घ्या, आणि सीन, शॉट, टेक हे नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच फ्रेममध्ये धरा. हे काम एकाच माणसाचं असावं, आणि त्याच्या हातात रिफ्लेक्टर, चहाची किटली, दुसरं काहीही देऊ नये.

कूलर

मे महिन्यात ४५ अंशांत घरातला सीन असेल तर कूलर लागणारच. वाइड शॉटला तो चालू राहतो: पडदा हलतो, केस उडतात, कॅलेंडर भिंतीवर फडफडतं. मग क्लोजअपला आवाज नको म्हणून बंद करतात. त्याच संवादात पडदा एकदम थिजतो आणि हिरोच्या काखेत घामाचे डाग उमटतात. “कॅमेरा” म्हणायच्या आधी कूलर बंद, “कट” झाला की चालू. वाइड असो की क्लोज, एकच नियम. प्रत्येक मुख्य पात्राचे एकसारखे तीन शर्ट ठेवा. तिन्ही एकदा धुऊन घ्या, कारण कोरा शर्ट कॅमेऱ्यात वेगळाच चमकतो.

पोरं वाढतात

दिवाळीच्या सुट्टीत अर्धी फिल्म आणि मे महिन्यात उरलेली, ही टीनएज फिल्मची सगळ्यांत मोठी चूक. सहा महिन्यांत पंधरा वर्षांच्या मुलाची उंची दोन-तीन सेंटीमीटर सहज वाढते. मिसरूड दिसायला लागते, आवाज फुटतो. कुणी एनसीसीसाठी केस बारीक करून येतो, कुणाच्या दातांवर तारा येतात. हे मेकअपने झाकलं जात नाही. एकाच पट्ट्यात दहा-बारा दिवसांत शूटिंग संपवा. तेवढं जमणारच नसेल तर युनिफॉर्मच्या पॅन्टला आत दोन इंच दुमड ठेवायला टेलरला सांगा, आणि सगळ्या पोरांकडून संपूर्ण स्क्रिप्टचे संवाद पहिल्याच शेड्यूलमध्ये शांत खोलीत रेकॉर्ड करून घ्या. आवाज फुटल्यावर डबिंगला तो जुना आवाज परत मिळत नाही. तारखा ठरवताना राखी, मेंदी आणि धुळवड बघून घ्या. धुळवडीचा रंग कानामागे आणि नखांत आठवडाभर राहतो.

थोडक्यात आणखी काही. दोन पात्रांना जोडणारी एक रेष मनात धरा आणि कॅमेरा तिच्या पलीकडे नेऊ नका, नाहीतर समोरासमोर बसलेले दोघे एकाच दिशेला बघताना दिसतात. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. मोबाईलवर शूट करत असाल तर एक्सपोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) २५ वर बांधा. तो सुटा राहिला की वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज ओठांपासून हळूहळू सरकत जातो. फुटाळा तलावावर संध्याकाळचा सीन डिसेंबरात असेल तर सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. आकाश दिसणारे शॉट आधी घ्या, क्लोजअप नंतर. सगळं एकाच संध्याकाळी आटोपायच्या हट्टापेक्षा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जाणं केव्हाही बरं.

गोष्ट २०१२ची असेल तर आणखी सांभाळा. वर्धा रोडवर कॅमेरा लावला की मेट्रोचे खांब फ्रेममध्ये येतात, आणि नागपूरची मेट्रो धावायला लागली २०१९मध्ये. गाड्यांवरच्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटा एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या. तेव्हा प्लेट फ्रेमबाहेर ठेवा. पाकिटातून राखाडी पाचशेची नोट निघाली की संपलं, ती नोव्हेंबर २०१६नंतरची. व्हॉट्सअॅपच्या निळ्या टिका आल्या नोव्हेंबर २०१४मध्ये, म्हणजे “तिने वाचलं आणि रिप्लाय दिला नाही” हा विनोद २०१२च्या पोराला व्हॉट्सअॅपवरून करताच येत नाही. फोनच्या स्क्रीनचे सगळे इन्सर्ट, म्हणजे नुसती स्क्रीन दाखवणारे जवळचे शॉट, शेवटच्या दिवशी एकत्र घ्या: एअरप्लेन मोड, बॅटरी तीच, आणि वरचं घड्याळ हाताने सीनच्या वेळेवर लावलेलं.