क्रिटिकच्या रात्री ब्रश धुऊन ठेवा

मे महिन्यात नागपुरात चित्रांच्या कार्यशाळेला जाणारा माणूस एकतर वेडा असावा, नाहीतर शाळेतला ड्रॉइंग मास्तर. मी दुसऱ्यातला. आमच्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून नवतपाचे हे भाजून काढणारे दिवसच काय ते आपले. बाकी वर्षभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं, फलकलेखन आणि स्नेहसंमेलनाचे पडदे.

तुम्ही चित्रं काढता, एखाद-दोन प्रदर्शनांत लावलीही असतील. त्यामुळे कॅनव्हास कसा ताणायचा वगैरे सांगत बसत नाही. फक्त उन्हाचं सांगतो. पारा पंचेचाळीसवर गेला की ॲक्रिलिक पॅलेटवरच साय धरतं. चपट्या डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असं ठेवा. रंग उशिरा वाळावा म्हणून मिसळायच्या रिटार्डरच्या बाटलीपेक्षा स्वस्तात काम होतं. जलरंगवाल्यांनी कूलरच्या तोंडाशी बसू नये, कागद दमट होऊन फुगतो. खिडकीशीही बसू नये, तिथे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, अर्ध्यातच वाळून कडा धरतो. मधली जागा पकडायला पहिल्या दिवशी लवकर पोहोचा. बाहेर काम करायचं तर सहाच्या आत फुटाळा तलावावर, साडेआठला आवरून तर्री पोहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या उजेडात कडुनिंब म्हणजे नुसता हिरवा गोळा. काढू नका.

आता खरं दुखणं.

माझी पहिली कार्यशाळा. सकाळी काम, संध्याकाळी सगळ्यांची चित्रं भिंतीला लावून क्रिटिक, म्हणजे प्रत्येक चित्रावर सगळ्यांनी बोलायचं. माझा कॅनव्हास तीन फूट बाय चार फूट, ॲक्रिलिक. इतवारीच्या बाजारातला एक हमाल, दुपारच्या वेळी पोत्यांच्या थप्पीवर झोपलेला. अकरा जण बोलले. पिवळा जास्त झाला. डावा कोपरा रिकामा आहे. चेहरा अजून उजळा. पाय कापल्यासारखे दिसतात. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ चित्रकार शेवटी एवढंच म्हणाले, "माणूस झोपलाय, पण पोती बसलेली नाहीत." मी सगळं वहीत उतरवलं, खोलीवर आलो, ट्यूबलाइट लावली आणि ब्रश उचलला.

पिवळा कमी केला, तर चेहरा मातकट झाला. चेहरा उजळला, तर तो पोत्यांपासून सुटून वर आला. डाव्या कोपऱ्यात वजनकाटा घातला आणि नजर हमालाला सोडून काट्यावर जाऊन बसली. मग काटा दाबायला सावली गडद केली. रात्री दोन वाजता अकराच्या अकरा सूचनांवर टिकमार्क होते. सकाळी खोलीतला अमरावतीचा सोबती दात घासत चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काऊन मारून टाकला बे त्याले? चांगला झोपला होता."

हे थोडं फोडून सांगतो, कारण यात चांगली चांगली माणसं अडकतात. क्रिटिकमध्ये प्रत्येक जण बोलतो ते भिंतीवर त्या क्षणी असलेल्या चित्राबद्दल. तुम्ही एक गोष्ट बदलली की ते चित्र संपलं. उरलेल्या दहा सूचना आता नसलेल्या चित्राच्या आहेत. दुसरं असं की अकरा सूचना म्हणजे अकरा चुका नव्हेत. माझ्या चित्रात चूक एकच होती, पोती अधांतरी होती. त्यामुळे नजरेला टेकायला जागा नव्हती, ती भटकत होती आणि जिथे जाईल तिथे लोकांना खोट दिसत होती. कुणाला कोपऱ्यात, कुणाला पिवळ्यात. डॉक्टर ताप बघून थांबत नाही, ताप कशाचा ते बघतो. मी अकरा ठिकाणी ओल्या पट्ट्या ठेवत बसलो. वर ट्यूबलाइटचा उजेड. लोकांनी पिवळा संध्याकाळच्या उजेडात पाहिला होता, मी तो रात्री दुरुस्त करत होतो. आणि ॲक्रिलिक. तैलरंग असता तर सकाळी फडक्याने पुसता आला असता. हा दहा मिनिटांत दगड.

म्हणून त्या रात्री ब्रश धुऊन ठेवा. सूचना बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहा, शेजारी आपलं उत्तर लिहू नका. चित्राचा फोटो काढा, मोबाइलवर काळा-पांढरा करून बघा. निम्म्या तक्रारी रंगाच्या नसून टोनच्या, म्हणजे गडद-फिक्याच्या आहेत हे तिथेच कळतं. मग कॅनव्हास आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. फारच हात शिवशिवले तर त्यावर पारदर्शक प्लास्टिक लावा आणि प्लास्टिकवर रंगवून बघा, पटलं नाही तर पुसता येतं. पोस्टकार्डाएवढे अभ्यास करा, प्रत्येकात एकच गोष्ट बदला.

सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात आपल्या नागपुरातच चित्रकला शिकले. १९४८ मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने त्यांची चित्रं पाहिली आणि सांगितलं की यात बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान बघ. रझा पॅरिसला पोहोचले १९५० मध्ये. एका शेऱ्याला दोन वर्षं! आणि आपल्याला रात्री दोनपर्यंत उरकायचं असतं.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. जो तुमच्या हातातून ब्रश घेऊन तुमच्या चित्रावर दोन फटके मारतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. फटके झकास असतात, लोक वाहवा करतात, आणि चित्रातला तेवढाच तुकडा जिवंत दिसतो. मग उरलेलं चित्र त्याच्या बरोबरीला आणण्यात तुमचे तीन दिवस जातात. डेमो त्यांनी त्यांच्या कागदावर द्यावा. प्रोजेक्टरवर फोटो टाकून रेघा मारणाऱ्यांनी तर कार्यशाळेची फी भरूच नये, ते घरी कूलरपुढे बसून होतं. आणि प्रमाणपत्र कपाटात ठेवा, ते कुणी विचारत नाही.

एवढं वाचून घाबरू नका. तिसऱ्या दिवशी बॅग भरावीशी वाटते, सगळ्यांनाच वाटते. माझ्यासोबत वीस-वीस वर्षं काम केलेले होते, आपलं चित्र भिंतीला लागलं की तेही हळूच पाणी प्यायला बाहेर जायचे. तुमच्यावर कुणी काहीच बोललं नाही तरी समजू नका की चित्र फालतू आहे. बहुतेक वेळा जेवणाची वेळ झालेली असते.

पुढच्या उन्हाळ्यात मी कॅनव्हास घेतलाच नाही. स्केचबुक घेऊन चार दुपारी इतवारीत एका दुकानाच्या ओट्यावर बसलो. खालचं पोतं वरच्याच्या भाराने कडेला फुगतं. शिवलेल्या तोंडाचे दोन कान दुमडून खाली येतात. आणि माणूस झोपला की त्याच्या कमरेखाली खोलगा पडतो, सुतळीच्या ओळीसुद्धा तिथे वाकतात. तो खोलगा मी काढलाच नव्हता.