एडीएचडी असलेल्या लहान मुलाला औषध सुरू करावे का: निर्णय कसा घ्यावा

मूल चार-पाच वर्षांचे आहे, एडीएचडीचे (लक्ष टिकवणे, एका जागी थांबणे आणि आवेग आवरणे यांत वयाच्या मानाने फार अडचण येण्याच्या विकाराचे) निदान झाले आहे किंवा होऊ घातले आहे आणि डॉक्टरांनी औषधाचा विषय काढला आहे, अशा वेळी पालकांच्या कानावर दोन टोकांचे सल्ले पडतात. इतक्या लहान वयात मेंदूवर काम करणारे औषध देणे घातक आहे, असे काही जण ठामपणे सांगतात. तर उशीर केलात तर मूल कायमचे मागे पडेल, अशी भीती काही जण घालतात. हे दोन्ही सल्ले मुलाला न पाहता दिलेले असतात. निर्णय ठरायला हवा तो मुलाचे वय, त्याचे नेमके काय अडते आहे आणि औषधाआधी करायच्या गोष्टी खरोखर झाल्या आहेत का, यांवरून.

सहा वर्षांची रेषा

वयाचा मुद्दा सर्वांत आधी घ्यावा, कारण सहा वर्षांखालील मुलांसाठीचा सल्ला मोठ्या मुलांपेक्षा स्पष्टपणे वेगळा आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार चार ते सहा वर्षे या वयात पहिला उपचार म्हणजे पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे रीतसर प्रशिक्षण देणे, आणि त्याने पुरेसा फरक पडला नाही तरच मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरील औषधाचा विचार करणे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेचे 2018 चे मार्गदर्शन याहून कडक आहे: पाच वर्षांखालील मुलाला औषध द्यायचे असेल, तर लहान मुलांच्या एडीएचडीचा विशेष अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय ते सुरू करू नये. सहा वर्षांनंतर मात्र औषध आणि वर्तनोपचार यांची जोड सर्वसाधारणपणे सुचवली जाते.

या सावधगिरीमागे ठोस कारण आहे. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवर मेथिलफेनिडेटचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. औषध लागू पडले, पण शाळकरी मुलांमध्ये दिसते त्यापेक्षा त्याचा परिणाम कमी होता आणि त्रास जास्त होता. चिडचिड, रडवेलेपणा, भावनांचा एकाएकी उद्रेक या तक्रारी या वयात विशेष आढळल्या, आणि साधारण 11 टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे थांबवावे लागले. वर्षभर औषध घेत राहिलेल्या मुलांची उंची अपेक्षेपेक्षा सुमारे 1.4 सेंटिमीटर आणि वजन सुमारे 1.3 किलो कमी वाढले. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. चार वर्षांच्या मुलाचा निर्णय नऊ वर्षांच्या मुलाच्या अनुभवावरून घेऊ नये, एवढेच त्यांतून घ्यावे.

निदान पुन्हा तपासा

औषधाचा निर्णय निदानाइतकाच भक्कम असतो. एडीएचडीची लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, ती घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि मुलाच्या वयाला साजेशा चंचलतेच्या पलीकडची असावी लागतात. मूल फक्त बालवाडीत अस्वस्थ असेल आणि घरी, मैदानात, नातेवाइकांकडे नीट रमत असेल, तर आधी त्या वर्गात काय घडते आहे हे पाहावे. शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली डॉक्टरांपर्यंत पोहोचली नसेल, तर मूल्यमापन अपुरे आहे असे समजावे.

वर्गात आपले मूल वयाने कितवे आहे, हेही पाहा. अमेरिकेतील ज्या राज्यांत 1 सप्टेंबर ही शाळाप्रवेशाची सीमारेषा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा 34 टक्के अधिक आढळले, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पाच वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर फार मोठे असते, आणि ते लक्षात न घेता केलेली तुलना मुलावर अन्याय करते.

याशिवाय एडीएचडीसारख्या दिसणाऱ्या काही गोष्टी डॉक्टरांना थेट विचाराव्यात. कानाने कमी ऐकू येणारे मूल सूचना पाळत नाही. घोरणारे आणि रात्रभर तोंडाने श्वास घेणारे मूल टॉन्सिल किंवा अॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढल्यामुळे नीट झोपत नसते आणि दिवसा सुस्तावण्याऐवजी उधळते. काही सेकंद एकटक पाहत राहणारे मूल कधी कधी अपस्माराच्या एका प्रकारामुळे तसे करत असते. भाषेचा विकास उशिरा होणे, लोहाची कमतरता, चिंता, घरातील सततचा तणाव किंवा एखादा धक्का, यांनीही मूल असेच वागू शकते. यांपैकी काही एडीएचडीच्या जोडीने असू शकते, म्हणून एक सापडले की दुसरे नाही, असेही मानू नये. साखरेबद्दल मात्र निश्चिंत राहा. गोड खाण्याने मुले चंचल होतात ही समजूत चाचण्यांमध्ये टिकलेली नाही.

पालक-प्रशिक्षण खरोखर झाले आहे का

‘आम्ही सगळे करून पाहिले’ असे पालक म्हणतात तेव्हा ते खरेच थकलेले असतात, आणि त्यांच्या प्रयत्नांबद्दल शंका घेणे निर्दयपणाचे ठरेल. तरीही समजावणे, रागावणे, बक्षीस कबूल करणे आणि मोबाईल काढून घेणे हे सगळे करूनही पालक-प्रशिक्षण झालेले नसते. ते प्रशिक्षित व्यक्तीकडून, आठवड्याला एक याप्रमाणे दोन-तीन महिने शिकायचे आणि घरी रोज वापरायचे कौशल्य आहे. ट्रिपल पी किंवा इन्क्रेडिबल इयर्स हे अशा कार्यक्रमांपैकी परिचित आहेत.

त्यात काय शिकवतात, ते एका सूचनेच्या उदाहरणावरून कळेल. दुसऱ्या खोलीतून ‘अरे, आवर ना लवकर, किती वेळा सांगायचे’ असे ओरडण्याऐवजी पालक मुलाजवळ जातात, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसतात, त्याचे लक्ष आपल्याकडे आल्यावर एकच गोष्ट सांगतात: ‘बूट घाल.’ मग पाच सेकंद गप्प राहतात. ती पाच सेकंदांची शांतता बहुतेक पालकांना सर्वांत अवघड जाते. मुलाने बुटाला हात लावला की त्याच क्षणी, ‘सांगितल्याबरोबर बूट घेतलास, छान’ असे नेमके कौतुक करतात. दिवसातून पन्नास वेळा असे घडले, की घराचे वातावरण हळूहळू बदलू लागते. सुरुवातीचे काही दिवस, विशेषतः किरकोळ गैरवर्तनाकडे दुर्लक्ष करण्याचे तंत्र वापरताना, वागणे सुधारण्याआधी आणखी बिघडते. त्या टप्प्यावर सोडून दिले तर उपाय निरुपयोगी ठरल्याचा गैरसमज होतो.

असे प्रशिक्षण उपलब्धच नसेल, तर औषधाला उशीर केल्याने होणारे नुकसान आणि लहान वयात ते सुरू करण्यातला धोका यांची तुलना डॉक्टरांबरोबर बसून करावी लागते. मार्गदर्शनातही तेवढी मोकळीक आहे.

औषधाकडे कधी वळावे

सहा वर्षांखाली वर उल्लेख केलेल्या अमेरिकन मार्गदर्शनातील कसोटी मला उपयोगी वाटते: लक्षणे किमान नऊ महिने टिकलेली आहेत, त्यांचा अडथळा घरी आणि घराबाहेरही आहे, आणि पालक-प्रशिक्षणाने पुरेसा उतार पडलेला नाही. त्यात माझ्या मते एक प्रश्न जोडावा, तो म्हणजे मुलाचे रोजचे आयुष्य किती मोडते आहे. मूल हात सोडवून रस्त्यावर धावते, पुन्हा पुन्हा जखमी होते, बालवाडीने त्याला ठेवून घेण्यास नकार दिला आहे, कोणतेच मूल त्याच्याशी खेळायला तयार नाही, किंवा ‘मी वाईटच आहे’ असे ते स्वतःच म्हणू लागले आहे, तर थांबण्याचीही किंमत आहे आणि ती मूलच मोजते. उलट, पाहुण्यांसमोर शांत बसत नाही किंवा अक्षर गिरवायला कंटाळते, एवढ्यासाठी पाच वर्षांच्या मुलाला औषध देऊ नये.

औषधाकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही आधी स्पष्ट हवे. मेथिलफेनिडेट मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांची उपलब्धता वाढवते. साधी गोळी अर्ध्या ते एका तासात काम करू लागते आणि तीन-चार तास टिकते. त्या काळात लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे सोपे होते. वाचन, मैत्री, शिस्त हे औषध शिकवत नाही. ते शिकण्यासाठीचा अवधी मात्र देते. सात ते नऊ वर्षांच्या 579 मुलांवरील 1999 सालच्या प्रसिद्ध अमेरिकन अभ्यासात 14 महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले, आणि दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना कमी मात्रा पुरली. तीन वर्षांनंतर मात्र गटांमधला फरक दिसेनासा झाला होता. म्हणून पहिल्या महिन्यातला लक्षणीय बदल पाहून बाकीचे प्रयत्न सोडून देणे चुकीचे ठरते.

सुरू करायचे ठरल्यास

औषधाची सुरुवात ही मुदतीची चाचणी समजावी. पहिल्या गोळीच्या आधीच डॉक्टरांना मुलाच्या हृदयाच्या तक्रारी, खेळताना आलेली चक्कर किंवा बेशुद्धी, आणि कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक झालेला मृत्यू यांची माहिती द्यावी. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवावा. भूक, झोप, पोटदुखी आणि डोळे मिचकावण्यासारखे झटके आधीपासून आहेत का, याचीही नोंद करावी. नाहीतर जुनी तक्रार औषधाच्या माथी मारली जाते किंवा नवी तक्रार निसटते.

त्यानंतर दोन किंवा तीन वागणुका निवडाव्यात आणि त्या मोजता येतील अशा शब्दांत लिहाव्यात. ‘नीट वागत नाही’ अशी नोंद काही सांगत नाही. ‘जेवताना दहा मिनिटांत सहा वेळा उठला’, ‘वर्गात आज दोघांना ढकलले’, ‘गोष्ट ऐकताना चौथ्या पानापर्यंत बसला’ अशा नोंदी सांगतात. औषधाआधी एक-दोन आठवडे आणि औषध सुरू असताना रोज हीच वही भरावी, आणि शिक्षकांकडूनही तेवढ्याच दोन-तीन गोष्टींची नोंद मागवावी. पहिली मात्रा सुट्टीच्या दिवशी, दिवसभर मूल आपल्या नजरेसमोर असताना द्यावी. मात्रा अगदी कमीपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वाढते. त्या आठवड्यांत शाळा बदलणे, झोपेची वेळ बदलणे असे दुसरे काही सुरू करू नये, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते.

भूक कमी होणे आणि झोप उशिरा लागणे हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. औषध न्याहारीनंतर दिले आणि त्याचा अंमल ओसरल्यावर संध्याकाळी पोटभर जेवण दिले, तर भुकेचा प्रश्न बराच हलका होतो. अंमल उतरताना काही मुले तासभर विलक्षण चिडकी आणि रडवी होतात. ते रोज त्याच वेळी होते का हे वहीत पाहावे, कारण त्यावर मात्रा किंवा वेळ बदलून मार्ग निघतो. मूल गप्प, निर्विकार, स्वतःचे हसणे हरवल्यासारखे झाले, तर त्याला सुधारणा मानू नये. मात्रा जास्त होत असल्याची ती खूण आहे आणि डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवावी. छातीत दुखणे, बेशुद्ध पडणे, नसलेल्या गोष्टी दिसणे किंवा ऐकू येणे, स्वतःला इजा करण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसले तर पुढील भेटीची वाट न पाहता लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. दहा वर्षांखालील मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी, आणि नाडी व रक्तदाब मात्रा बदलताना व एरवी दर सहा महिन्यांनी तपासला जावा, असे नाइसचे मार्गदर्शन सांगते.

मेथिलफेनिडेट मानवले नाही, तर इतर औषधे आहेत, पण त्यांतील बहुतेकांचा पाच वर्षांखालील मुलांमधला अनुभव आणखी तोकडा आहे. अॅटोमॉक्सेटिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ग्वानफासिन आणि क्लोनिडिन अचानक बंद केल्यास रक्तदाब वाढू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच कमी करावीत. कोणतेही औषध कुलपात असावे आणि मोठ्या माणसानेच द्यावे.

मुलाशी बोलताना शब्द जपावेत. ‘तुला एका जागी थांबायला जड जाते, या गोळीने ते थोडे सोपे होईल’ एवढे पाच वर्षांच्या मुलाला पुरते. मूल हट्ट करू लागले की ‘आज गोळी घेतली नाहीस का?’ असे कोणीही, आजी-आजोबांनी किंवा शिक्षकांनीही, म्हणू नये. आणि ते शहाण्यासारखे वागले तर श्रेय त्यालाच द्यावे, गोळीला नव्हे.

आई आणि बाबांचे मत जुळत नसेल, तर एकाने दुसऱ्याच्या नकळत औषध सुरू किंवा बंद करू नये. त्याऐवजी चाचणीची मुदत, पाहायच्या वागणुका आणि कोणत्या परिस्थितीत थांबायचे, हे दोघांनी डॉक्टरांसमोर एकत्र ठरवावे. साधारण सहा आठवड्यांत, योग्य मात्रेपर्यंत पोहोचूनही, वहीत ठळक फरक दिसत नसेल, तर त्याच औषधाला चिकटून राहू नये आणि निदानाकडेही पुन्हा एकदा पाहावे.

फरक दिसला, तरी औषधाची गरज अजून आहे का हे वर्षातून किमान एकदा तपासावे. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस औषध थांबवून त्याच वहीत त्याच नोंदी कराव्यात. हा काळ शाळेच्या पहिल्या आठवड्यांत, परीक्षेच्या तोंडावर किंवा घरात नवे बाळ येण्याच्या सुमारास निवडू नये. वर्ग स्थिरावलेला असताना, आणि शक्य असल्यास औषध थांबवले आहे हे ज्या शिक्षकांना सांगितलेले नाही त्यांच्याकडून नोंदी मिळतील अशा बेताने, तो निवडावा.