हजेरीची वही हातात घेण्याआधी

यंदा कॉलेजच्या खो-खो संघाची कर्णधार झालेल्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, मुली माझं ऐकतच नाहीत. काय करू?" तिला उत्तर देताना माझं दुसरं वर्ष डोळ्यांसमोर आलं. ते अजून बोचतं, म्हणून तुम्हा नव्या कर्णधारांसाठी सविस्तर लिहिते.

नाणेफेक, आक्रमण आधी की संरक्षण, संरक्षणाला तिघी-तिघींच्या तुकड्या कशा पाडायच्या हे तुम्हाला येतं. शाळेपासून खेळताय. त्यावर मी वेळ घालवत नाही. माझा घात झाला तो हजेरीच्या वहीने.

कर्णधार म्हणून निवड झाल्यावर आठवडाभरात सरांनी ती लांबडी वही माझ्या हातात दिली. कोण आली, कोण आली नाही, कोण उशिरा आली, एवढंच लिहायचं आणि शनिवारी त्यांना दाखवायचं. मला तो मान वाटला. मी प्रामाणिकपणे लिहीत गेले. आमच्यात गोव्यातल्या वाळपईच्या पलीकडच्या गावातली एक मुलगी होती. पहाटेची पहिली कदंब बस पकडायची, मध्ये बस बदलायची आणि सातच्या सरावाला फोंड्याला पोचायची. जुलैच्या पावसात तिच्या नावापुढे मी पाच वेळा 'उशीर' लिहिलं. का उशीर, हे एकदाही विचारलं नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या बारा जणींत तिचं नाव नव्हतं. पहिल्या तुकडीत चार-चार मिनिटं टिकणारी आमची तेवढी एकच मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत शिरले आणि सगळ्या गप्प झाल्या. शेवटी एकीने तोंडावर सांगितलं, "तूं आमची न्हय, सरांची."

खो-खोत हे किती महाग पडतं, ते खेळलेल्यालाच कळेल. आठ जणी आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसतात. पाठीमागे धावणारी कुठे आहे ते आपल्याला दिसत नाही. बसलेल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलींच्या हाकांवर आपण उठायला तयार होतो. त्या सामन्यात आमच्या मैदानावर 'खो' सोडून दुसरा आवाज नव्हता. खांबाजवळून धावणारी सुटत होती आणि कोणी ओरडत नव्हतं. पहिल्याच फेरीत बाहेर पडलो.

म्हणून स्पष्ट सांगते: वही घेऊ नका. सरांना आदराने सांगा, "सर, हजेरी तुम्ही घ्या, कारणं मी आणते." हे बोलायची भीती वाटेल. मला वर्षभर वाटत होती. पण आमचे सर दुष्ट नव्हते. तीन-तीन संघ एकटे सांभाळत होते, त्यांना मदत हवी होती. मी ती चुकीची केली. नंतर कारणं नेऊन दिली तेव्हा त्यांनी आठवड्यातले दोन सराव दुपारी चारला घेतले, तेही एका शब्दावर.

कारणं शोधायची कशी? चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मी त्या मुलीच्या घरी गेले. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळांची सजावट, बघायला येते असा निरोप धाडला होता. तिच्याच मार्गाने, तिच्याच बसने गेले. बदलीची बस चाळीस मिनिटं आली नाही आणि थांब्यावरून पुढे अर्धा तास पायी चढण होती. तिच्या आईने नेवऱ्यांचं ताट पुढे केलं तेव्हा मला मान वर करता येईना. माफी मागितली. ती मुलगी एवढंच म्हणाली, "आदीं विचारपाक जाय आशिल्लें." आधी विचारायला हवं होतं. पुढे दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मी सहन केलं, तुम्हालाही करावं लागेल. रुसवा असा एका भेटीत जात नाही, आणि न गेला म्हणून तुम्ही नालायक ठरत नाही.

बाकीची कामं तशी सोपी आहेत. सत्र सुरू होताच प्रत्येकीच्या विभागाच्या आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत चाचण्यांच्या, तारखा एका कागदावर उतरवा. विज्ञानाच्या मुलींची प्रॅक्टिकल्स संध्याकाळपर्यंत चालतात, तेही लिहा. रजेची पत्रं स्पर्धेला जाण्याआधीच विभागप्रमुखांकडे पोचवा. परतल्यावर सह्या मिळवताना जीव जातो आणि 75 टक्के हजेरीचा प्रश्न ऐन परीक्षेच्या तोंडावर उभा राहतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतला पहिला खो-खो विश्वचषक प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या महिलांनी जिंकला, तेव्हापासून मैदानावर नव्या मुली येताहेत याचा मला खूप आनंद आहे. पण त्यांच्याबरोबर एक दिवसाची नेतृत्व शिबिरंही आलीत. प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो, आणि कुठल्या मुलीने सकाळपासून काही खाल्लं नाही हे ओळखायला त्यातून काडीचं शिकायला मिळत नाही. त्यापेक्षा दोन वर्षांपूर्वी कॉलेज सोडलेली, आता वेर्ण्याला नोकरी करणारी एखादी सीनियर गाठा. तिने केलेल्या चुका विचारा. फक्त जिंकलेल्या सामन्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या मार्गदर्शकापासून लांब राहा. आणि सगळ्यात चांगल्या खेळाडूलाच कर्णधार करायची पद्धत मला पटत नाही. तिचं सगळं लक्ष स्वतःच्या खेळात गेलेलं असतं. आपल्या गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते, ते गोलरक्षक. गोलपोस्टपाशी उभं राहून अख्खं मैदान समोर दिसतं, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलंय.

तिसऱ्या वर्षी मी तुकड्या लावायचं काम त्या वाळपईकडच्या मुलीवर सोपवलं. मला वाटलं होतं ती स्वतःला पहिल्या तुकडीत घेईल. तिने तिथे प्रथम वर्षाची एक घाबरलेली मुलगी घातली आणि स्वतः दुसरीत गेली. सर म्हणाले, हा धोका आहे. तिने त्या मुलीलाच जवळ बोलावलं आणि आमच्यासमोर सांगितलं, "तूं धांव. तूं आउट जाली जाल्यार फाटल्यान हांव आसां."